खांबाला लागलेला बॉल

इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबात मी एकदाही बॉलला पाय लावलेला नाही, तरी क्लबाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडेच आलं. खेळणारी पोरं ऑस्ट्रेलियाची. दोन वर्षांचा व्हिसा संपला की घरी. दर दोन उन्हाळ्यांनी अख्खी टीम नवी. पुण्याहून व्हिसावर आलेला मी मात्र इथेच मुरलो, आणि पहिली मॅच पाहिलेला क्लबात एकटाच उरलो.

मला ओढलं ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियनानं. क्लब त्यानंच काढला होता, कॅप्टनही तोच. माझ्या क्रीडाप्रेमाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, माझी गाडी लांबलचक होती. या खेळात मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब लागतात. आम्ही खेळायचो रग्बीच्या मैदानावर, त्यामुळे आठ प्लास्टिकचे पाईप दर शनिवारी गाडीत घालून न्यायचे, रोवायचे, उपटायचे, परत माझ्या गॅरेजात. बायको म्हणायची, "अरे, लोक गाडीतून बायकोला फिरवतात, तू प्लंबिंग फिरवतोस."

पण बक्षीस मोठं होतं. प्रत्येक क्लबानं एका टोकाला आपला एक गोल अंपायर द्यायचा अशी पद्धत. कॅप्टननं मला पांढरा कोट आणि दोन पांढरी निशाणं दिली. मधल्या दोन खांबांमधून बॉल सरळ गेला की सहा पॉइंट. अंपायरनं ताठ उभं राहून दोन्ही तर्जन्या समोर रोखायच्या आणि मग दोन निशाणं फडकवायची. बाजूनं गेला किंवा खांबाला नुसता चाटून गेला, तर एकच पॉइंट, एकच निशाण. कॉलेजात एकांकिकांमध्ये तिसरा हवालदार झालेल्या माणसाला आणखी काय हवं? मी अशी निशाणं फडकवायचो की समोरच्या टीमचे लोकही शिट्ट्या मारायचे. आपल्या अंपायरनं आपल्याकडे थोडं झुकून बघावं, हीही पद्धत होती. ती बोलून कुणी दाखवत नसे.

मग आम्ही फायनलला पोचलो. क्लबाच्या इतिहासातली ती एकमेव फायनल. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन पॉइंटांनी मागे. कॅप्टननं लांबून किक मारली, बॉल माझ्या डोक्यावरून खांबांमधून गेला. जाताना पाईपला लागला. टक्. मी पाईपाखालीच उभा होतो, मला ऐकू आलं. बाकी कुणाला नाही.

मैदानातला मुख्य अंपायर धावत आला. "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि एक निशाण फडकवलं. एका पॉइंटानं हरलो.

कॅप्टन माझ्याजवळ आला. "तू नक्की कुणाचा आहेस, मेट?"

"खांबाला लागला रे."

"पाईप आपले, अंपायर आपला, आणि गोल त्यांचा वाचला. वा!"

त्या शनिवारी पाईप मी एकट्यानं उपटले. पुढल्या वर्षी कॅप्टन मायदेशी गेला, पण नव्या पोरांना माझी ओळख करून दिली जायची ती "फायनल घालवणारा" अशीच. मी हसायचो. यंदा क्लबाच्या वार्षिक लंचसाठी इतिहास लिहायला सांगितला तेव्हा वाटलं, झालं, आता खरं काय ते छापून येईल. तो एक परिच्छेद मी सात वेळा लिहिला.

क्लबाच्या यंदाच्या अध्यक्षाला इंग्लंडात येऊन दीड वर्ष झालेलं. त्यानं परिच्छेद काढून एक ओळ घातली: 'अंपायरच्या चुकीमुळे आपण ट्रॉफी गमावली.'

"तू तिथे नव्हतास," मी म्हणालो.

"नव्हतो. पण सगळे असंच सांगतात."

"सगळे म्हणजे कोण? सगळे पर्थला गेलेत."

"मेट, लंचला लोक हसायला येतात. आणि वाचून तूच दाखवणार आहेस. तुझ्यासारखं कुणाला जमतं?"

रविवारच्या त्या लंचला जुना कॅप्टन खास ऑस्ट्रेलियाहून आला होता. माझा खरा परिच्छेद कोटाच्या खिशात होता. "तोच वाच हं," बायकोनं टेबलाखालून पाय दाबत बजावलं. मी उठलो. पहिल्याच वाक्याला हशा. पाईपांच्या गोष्टीला टाळ्या. फायनल आली तेव्हा हॉल माझ्या मुठीत होता, पुढचा हशा मला आधीच ऐकू येत होता. खिशाकडे हात गेला नाही. मी झकास पॉज घेतला, छापलेली ओळ वाचली, आणि छातीवर हात ठेवून कमरेत वाकलो.

हॉल कोसळला. इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. बायको सॅलड चिवडत बसली होती.

कॅप्टन डोळे पुसत आला, मला मिठी मारली. "शेवटी कबूल केलंस, मेट. मी कधीच मनात धरलं नव्हतं."

मी त्याला थँक यू म्हणालो.