परक्या माणसाची सही

पोस्टातून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, पत्ते खेळतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. परकेकाकांनी परकं होण्याचं काम धरलं. म्हणजे झालं असं, की गावाबाहेरच्या मैदानावर दर दोन महिन्यांनी राखणीच्या एका मोठ्या जातीच्या कुत्र्यांची परीक्षा व्हायची, आणि तिथे कुत्र्याने आयुष्यात कधी न पाहिलेला एक माणूस लागायचा. चौतीस वर्षं लोकांच्या फाटकांतून टपाल वाटलेल्या माणसाइतका कुत्र्यांसमोर उभं राहण्याचा सराव दुसऱ्या कुणाला असणार? पोटरीवर तीन ठिकाणी दातांचे दाखलेही होते. कुणीतरी त्यांना ‘परकेकाका’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. परका आणि वर काका, हे एकाच माणसात कसं बसतं, असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

या जातीचा कुत्रा कसा असावा ते एका छापील पुस्तिकेत होतं, आणि काकांना ती तोंडपाठ होती. खांदा उभ्या माणसाच्या मांडीला लागावा. डोकं मोठं, पण ओझं वाटेल असं नको. छाती कोपरापर्यंत खोल, पाठ सरळ, कान पडलेले, डोळे गडद. चाल सैल, दिवसभर गुरांमागे फिरून संध्याकाळी थोडी शिल्लक राहील अशी. हे झालं रूप. ते टेप लावून मोजता येतं, त्यात काकांना फारसं स्वारस्य नव्हतं. त्यांचा जीव शेवटच्या पानावर होता, स्वभावाच्या. ‘घरच्यांशी मवाळ, परक्याशी अलिप्त. परक्याच्या अंगावर धावून जाणारा बाद. परक्याच्या गळ्यात पडणारा, तोही बाद.’

“कुत्र्यांना बरोबर कळतं,” काका घरी सांगायचे, “कुणापासून किती अंतर ठेवायचं ते.”

“हो ना,” बायको भाजी चिरता चिरता म्हणायची. “आपल्या घरात तर माणसांनाही कळतं. जरा जास्तच कळतं.”

टोमणा कशाबद्दल आहे ते काकांना पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक मुलीने बँकेतली नोकरी सोडली आणि दोन तासांवरच्या माळावर जाऊन हेच कुत्रे वाढवायचं ठरवलं. काका म्हणाले, “स्वतःच्या मर्जीनं चाललीस ना, मग मला काही सांगायला येऊ नकोस.” रागाच्या भरात बोलून गेले, आणि मुलीने ते अक्षरशः पाळलं. तेव्हापासून फोन आईला यायचा, आणि काका पेपर उलटा धरून मन लावून वाचत बसायचे. पुढे पुढे घरातून त्यांचे मोजे नाहीसे व्हायला लागले. आधी एक जोडी, मग दुसरी. रुमाल गेला. शेवटी नोकरीतला खाकी स्वेटर गेला, तोही धुवायला काढून ठेवलेला. विचारलं की बायको कानांवर हात ठेवायची.

या वर्षी गुडघा बोलायला लागला, तेव्हा ‘परक्याचं काम सोडलं’ असं काकांनी घरी जाहीर करून टाकलं. पण परीक्षेच्या सकाळीच बदलीचा माणूस तापाने आडवा झाला आणि परीक्षक डॉक्टरीणबाईंनी फोनवरून गळ घातली. काका लंगडत मैदानावर पोचले. यादी हातात घेतली आणि चौथ्या नावावर थांबले. नाव मुलीचं होतं.

“तुमचीच ना?” बाईंनी विचारलं. “चालेल का?”

“कुत्र्यानं मला कधी पाहिलेलं नाही. मीही त्याला नाही. नियमात बसतं.”

कागदावर एक छापील ओळ असायची: ‘मी या कुत्र्याला पूर्णपणे परका आहे.’ तिच्याखाली त्यांनी आजवर शेकडो सह्या ठोकल्या होत्या. आज पेन जरा अडलं. ओळ खरी होती, आणि तेच मनाला लागलं.

मुलगी दोरीपलीकडे उभी होती. वाळली होती, उन्हाने रापली होती. तिने मान हलवली, त्यांनीही हलवली, रांगेत भेटलेल्या अर्ध्या ओळखीच्या माणसांसारखी. तिच्या शेजारी तिचा कुत्रा, पहिलवान. काकांनी त्याला वरून खाली पाहिलं आणि मनातल्या मनात पुस्तिकेची पानं उलटली. छाती, पाठ, डोळे, कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. हा पास झाला तरच याच्या पिल्लांना जातीचे कागद मिळणार होते. बाद झाला तर दुसरी संधी नाही, आणि माळावरची तीन वर्षं पाण्यात.

पाळी आली तशी मुलगी त्याला दोरीच्या आत घेऊन आली. काका चालत आले, फटकन छत्री उघडली. पहिलवानाने नुसतं पाहिलं. मागे खडे भरलेला डबा आदळला. एक कान हलला, बस. आता शेवटचं: दोन पावलांवर हात खाली सोडून गप्प उभं राहायचं, आणि कुत्र्याने जागा सोडायची नाही.

पहिलवानाने नाक वर केलं. मग तो सावकाश मालकिणीला सोडून निघाला, काकांजवळ आला, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला सगळं अंग टेकवून उभा राहिला आणि त्याने एक मोठा सुस्कारा सोडला.

“गळ्यात पडला,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं. “वाईट वाटतंय, पण...”

मुलीचा चेहरा उतरला होता, तरी तिने तोंड उघडलं नाही. हा हट्ट कुणाकडून आला ते सांगायला परीक्षकाची गरज नव्हती. काकांनी खाली पाहिलं. गळ्याला काचू नये म्हणून पट्ट्याच्या आत खाकी लोकरीचा तुकडा शिवला होता. त्यावर तपकिरी दोऱ्याचं रफू होतं, बायकोच्या हातचं. चौतीस वर्षं पत्ते वाचलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

“माझा स्वेटर?”

“आईनं दिला. मोजेसुद्धा.” मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली. “पिल्लू होता तेव्हापासून त्यावरच झोपतो. मीच मागून घेतलं. तुम्ही कधी घरी आलात, तर त्यानं फाटकात अडवू नये म्हणून. आणि तुम्ही हे काम सोडलंत, असं आई म्हणाली होती.”

काकांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, रुमाल शोधला, तोही खिशात नव्हता. मग बाहीने डोळे पुसून ते बाईंकडे वळले.

“तो कागद द्या इकडे. कुत्रा चुकलेला नाही, सही चुकलीय.”

त्यांनी ‘पूर्णपणे परका’ या शब्दांवर आडवी रेघ मारली. समोर परकाच नव्हता, म्हणून ती परीक्षा रद्द झाली आणि बाईंनी पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरला हाक मारली. पुन्हा छत्री, पुन्हा डबा. ड्रायव्हर समोर येऊन उभा राहिला, तेव्हा पहिलवानाने त्याच्याकडे नव्याने रोवलेल्या खांबाकडे पाहावं तसं पाहिलं आणि जागचा हलला नाही. बाईंनी शिक्का मारला.

काका तेव्हा दोरीच्या पलीकडे, घरच्यांच्या बाजूला उभे होते.

“स्वेटर परत हवाय का, बाबा?” मुलीने विचारलं. “बराचसा उरलाय.”

“राहू दे तिथंच,” काका म्हणाले. “आलो की घालीन.”