बाईंच्या वहीतला मंगळवार

बाई जाऊन नऊ दिवस झाले होते. त्यांची विद्यार्थिनी त्यांच्या खोलीत एकटीच बसली होती, कारण बाईंच्या भेटींच्या वहीप्रमाणे आज मंगळवारी चार वाजता 'शिंपी' येणार होते.

समुपदेशनात बाईंची एकतीस वर्षं गेली. सकाळी कॉलेजात शिकवायचं, दुपारी माणसांचं ऐकून घ्यायचं. वर्गात त्या स्वतः पेशंट होऊन बसायच्या आणि अशा काही रडायच्या की पोरं गांगरून जायची. कुणी घाईघाईनं धीर द्यायला गेलं की डोळे पुसून म्हणायच्या, "झालं! पळवलंस मला." जिभेनं तिखट, पण नापास झालेल्यांना घरी बसवून शिकवणाऱ्याही त्याच. गुप्ततेच्या बाबतीत तर हट्टाला पेटलेल्या. वहीत कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही. नुसती बाईंनी ठेवलेली टोपणनावं: शिंपी, टपालवाले, दोन वेण्या. आता बाई गेल्याचं कळवायचं तरी कुणाला आणि कसं?

शिंप्यापुढे एवढंच लिहिलं होतं: 'मरायचं बोलतात. एकही मंगळवार चुकवायचा नाही.' मागचा मंगळवार तर चुकलाच होता.

चारला दार वाजलं. पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात मापाची टेप तशीच. "बाई कुठायत?"

तिनं सांगितलं. घोकून ठेवलेलं वाक्य निम्म्यात तुटलं. ते उंबऱ्यातच थिजले. हा माणूस आल्या पावली परत गेला तर?

"पोरी, घाबरलीस का?"

आपली भीती समोरच्याच्या गळ्यात घालायची नाही, हा बाईंचा पहिला धडा. तिनं तो मोडला.

"हो काका. फार. तुम्ही निघून जाल म्हणून."

ते आत आले, दार लावलं आणि खुर्ची ओढून बसले. पिशवीतून झोपेच्या गोळ्यांची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"मागच्या मंगळवारी बाईंच्या हवाली करायला आणली होती. इथे कुलूप. सात दिवस उशाशी ठेवून झोपलोय." त्यांनी बाटली तिच्याकडे सरकवली. "आता तू सांभाळ."

तिनं ती दोन्ही हातांनी उचलली. आतल्या गोळ्या वाजत राहिल्या.