अंगठा, निळा उजेड आणि घरची हळद

"अंगठा काढावा लागेल," असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या पायाकडे बघत होते. त्याला पाचही बोटं होती. मला आधी राग आला, भीती नंतर आली.

आजाराचं नाव डायबेटिक फूट अल्सर. म्हणजे साखरेच्या माणसाच्या पायाला झालेली, भरून न येणारी जखम. माझी उजव्या अंगठ्याखाली होती.

सांगलीत विश्रामबागेत माझं मसाल्याचं कांडप आहे. चटणीच्या मोसमात बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन रांग लावतात आणि मी दिवसभर यंत्रापाशी उभी असते. त्या उन्हाळ्यात नवी चप्पल लागली, फोड आला आणि फुटला. दुखला असता तर लक्ष दिलं असतं, पण दुखलाच नाही. याला न्यूरोपॅथी म्हणतात, म्हणजे साखरेनं पायाच्या नसा बधिर होणं. तुमच्या घरी साखरेचं माणूस असेल तर रोज त्याचे तळपाय बघा. त्याला विचारत बसू नका, त्याला कळत नसतं.

अंगठ्यावाचून काय अडतंय, असं नात्यातले बरेच जण सांगून गेले. सांगणाऱ्यांचे अंगठे शाबूत होते. मला मात्र पुढच्या मोसमात यंत्रापाशी उभं राहायचं होतं. अंगठा गेला की पावलाचा तोल जातो, असं डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. कांडप दुसऱ्याच्या हाती देऊन घरात बसणं माझ्या स्वभावात नाही.

जखमेतला पू कल्चरला दिला. म्हणजे त्यातले जंतू वाढवायचे आणि ते कुठल्या औषधानं मरतात ते बघायचं. माझे जंतू निगरगट्ट निघाले. नेहमीच्या औषधांना भीक घालेनात. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलेलं नाही अजून. आमच्याकडे एका नव्या उपचाराचा अभ्यास चाललाय. तयार असाल तर अंगठ्याला थोडी मुदत देऊ."

तो उपचार असा. झिंक ऑक्साइड म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी. लहान बाळाच्या पुरळाला लावायच्या मलमात असते तीच. तिचे कण इतके बारीक करतात की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. त्यांना नॅनोपार्टिकल म्हणतात. ते एका जेलमध्ये मिसळून जखमेवर लावायचे आणि वरून निळा उजेड सोडायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंधारात हे कण बरेचसे निजलेले असतात. ठरावीक उजेड पडला की जागे होतात, ओलाव्यातून आणि हवेतून ऑक्सिजनचं एक तिखट रूप तयार करतात, आणि ते जंतूंचं कवच फाडतं." तिखट म्हटल्यावर मला लगेच पटलं. तिखटावर माझा आयुष्याचा भरवसा आहे.

त्यांनी हेही बजावलं की ही जादू नाही. साखर ताब्यात हवी, मेलेली कातडी दर वेळी काढायला हवी, पायावर भार नको, आणि घरी साधं ड्रेसिंग सोडून दुसरं काही लावायचं नाही. मी सह्या केल्या.

घरचं ड्रेसिंग माझ्या यजमानांनी अंगावर घेतलं. जखम तळाला, मला ती घरी नीट दिसायची नाही. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे कराडकडचे. गल्लीत सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात, आणि राग आला की मीही. हात साबणानं धुवायचे, कात्री उकळायची, पट्टी बांधून झाली की दोन पावलं मागं सरून बघायचं. सलाम ठोकायचा तेवढा राहायचा.

दिवसाआड रिक्षानं मिरजेला, डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात. साफसफाई, जेल, मग पावलावर टोपीसारखा बसणारा दिवा. डोळ्यांवर नारिंगी चष्मा. बाहेरच्या बाकांवर पाय गुंडाळलेली माणसं बसलेली असत, आणि प्रत्येक जण आधी दुसऱ्याची बोटं मोजायचा. मीही मोजायची.

पंधरवडा गेला तरी जखम जशीच्या तशी. कडा पिवळट, मध्ये ओल. दर वेळी डॉक्टरबाई विचारायच्या, "घरी दुसरं काही लावत नाही ना?" आणि सुभेदार छाती काढून सांगायचे, "काही न्हाई." पुन्हा कल्चर झालं. जंतू जागच्या जागी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात फरक दिसला नाही तर मी थांबणार नाही. अंगठ्यासाठी पाय धोक्यात घालायचा नाही." त्या दिवशी रिक्षात मी रडले. घरी येताच सुभेदारांनी कात्री दोनदा उकळली.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाई स्वतः येऊन बसल्या. साफसफाई करण्याआधीच त्यांनी दिवा लावला आणि त्याची टोपी उचलून आत बघितलं. मीही वाकले. जखमेची कड हिरवट पिवळी लखलखत होती.

"हे काय लावलंय?"

"काही न्हाई," सुभेदार म्हणाले.

"मग हे चमकतंय काय?"

"ती व्हय? ती हळद हाय."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "मी दर वेळी विचारत होते."

"आवं, तुमी काही लावता का म्हणून इचारलं. हळद म्हंजी काय औषध हाय व्हय? घरची हाय, हिच्याच कांडपातली. चिमूटभर भेसळ न्हाई त्यात."

"भेसळ नाही म्हणूनच घोटाळा झाला," त्या म्हणाल्या. चिडल्या होत्या, पण हसू आवरत नव्हतं. "तुमची हळद इतकी चोख आहे की आमचा निळा उजेड वरच्यावर पिऊन टाकते. धुतली तरी कडेत मुरून राहते. खालच्या कणांपर्यंत उजेड पोचतच नाही. आणि मी इतके दिवस त्या पिवळ्याला जखमेवरची मेलेली साय समजत होते."

मी सुभेदारांकडे बघितलं. चिडणार होते, पण चिडता येईना. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्याकडे बोट कापलं की हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. त्याला कुणी उपाय करणं म्हणत नाही. ते मात्र खाली मान घालून एवढंच म्हणाले, "लय मोठी चूक झाली, बाई. तिचा अंगठा वाचवा."

डॉक्टरबाईंनी अंगठ्याला आणखी मुदत दिली. हळदीचा डबा सुभेदारांनी स्वतः फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला. तिथवर माझा हात पोचत नाही, त्यामुळे आमची आमटी बरेच दिवस पांढरी झाली. पण जखमेच्या तळाशी लाल दाणे दिसू लागले. याला ग्रॅन्युलेशन म्हणतात, म्हणजे नवं मांस येणं. त्यानंतरच्या कल्चरमध्ये जंतू हटले होते. नवरात्र आलं तोवर गुलाबी कातडी धरली होती.

हा उपचार अजून सगळीकडे मिळत नाही, सगळ्यांना चालेल असंही नाही. पण बरं होता येतं, हे मी अनुभवानं सांगते. डॉक्टरांनी विचारलं की घरातलं सगळं सांगा. हळद, चुना, राख, सगळं. जे आपल्याला 'काही' वाटत नाही, ते आधी सांगा. त्या डॉक्टरबाईंनी माझा राग, सुभेदारांची हळद आणि निगरगट्ट जंतू असं सगळंच सोसलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. सुभेदारांनी कांडपाला, वजनकाट्याला, स्कूटरला हळदीकुंकू लावलं आणि ताट घेऊन माझ्यासमोर खाली बसले.

"ह्ये बी हत्यारच हाय की," अंगठ्याकडे बघत ते म्हणाले. "लावू का? डॉक्टरबाईंना फोन करून इचारलंय. कातडी धरलीय, लावा म्हणाल्या."

मी पाय पुढं केला. त्यांचं बोट लागलेलं मला कळलं नाही. गेलेल्या नसा काही परत आल्या नाहीत. पण अंगठ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि माझे डोळे भरून आले.

"आता कुंकू बी लावा," मी म्हणाले. "आर्धी पूजा नको."