जिजाबाईंचा वहेम

स्वयंपाकघरात एका पिशवीत आपण दुसऱ्या पिशव्या कोंबत जातो. मग एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. माझ्या कामातले किस्सेही तसेच साठलेत. मी आरोग्य केंद्रातर्फे लिंबायतच्या, यंत्रमाग कामगारांच्या गल्ल्यांत घरोघर फिरते. सध्याचं काम हिपॅटायटिस बीचं. हा लिव्हरचा आजार रक्तातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, आणि वर्षानुवर्षे अंगात राहूनही कळत नाही. म्हणून रक्त तपासायचं. एवढंच सांगायचं असतं, पण ते ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांचं घर मोजायला आलेय!

नावं मी बदलली आहेत. गल्ली ओळखेलच, त्याला इलाज नाही.

* * *

पहिल्या कॅम्पला जिजाबाई आपल्या गरोदर सुनेला, कविताला, घेऊन आल्या. मुलगा संजय लूमखात्यात पाळीवर होता. कविताचं रक्त काढलं, नळी बर्फाच्या डब्यात गेली आणि जिजाबाईंनी डब्यावर हात ठेवला.

"हाई रगत कथा जास?"

लॅबमध्ये जातं, म्हटलं. इथं रक्त विकतात अशी गल्लीत हवा होतीच. आमचे लॅबवाले परेशभाई डबा घेऊन रिक्षात बसले, तर या शेजारी जाऊन बसल्या आणि डबा मांडीवर घेतला. लॅबमध्ये मशीनसमोर तासभर उभ्या राहिल्या. परत येऊन ओट्यावर जाहीर केलं, "विकत नहीत. नुसतं गोल फिरावतस."

दुसऱ्या दिवशी कॅम्पला रांग लागली! परेशभाई मला म्हणाले, "रेखाबेन, वहेमनी कोई दवा नथी." मी म्हटलं, संशयाला औषध नसेल, पण आपल्याला तोच उपयोगी पडला.

* * *

एका खोलीत बारा लूम कामगार राहतात. खिळ्याला एकच रेझर टांगलेला. दाढी करताना कापलं की रक्त लागतं, त्यातून आजार जातो, प्रत्येकाचा वेगळा ठेवा, असं मी समजावलं. एकाने विचारलं, "ताई, तुम्ही रेझरच्या कंपनीकडून का?"

महिन्याने गेले, तर बारा खिळे, बारा रेझर, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. मला भरून आलं. सहज विचारलं, ब्लेड कुठे ठेवता?

"ते एकच आहे ताई. भारी आहे, पुरतं सगळ्यांना."

* * *

कविताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. रिपोर्ट ज्याचा त्यालाच सांगायचा, हा नियम. पण गल्लीने आपला नियम काढला होता: रेखाताई ज्या घरी दुसऱ्यांदा जाते, त्या घरात काहीतरी आहे. म्हणून मी युक्ती केली आणि सगळ्याच घरी दोनदा गेले.

आठवड्याभरात शेजारणींनी एकमेकींकडून विरजण घेणं बंद केलं. सगळ्यांचं ठाम मत एकच, की गल्लीत सगळ्यांनाच झालंय आणि रेखाताई लपवतेय!

* * *

कविताने मात्र घरी खरं सांगून टाकलं. पुढच्या वेळी गेले तर तिचं ताट-वाटी वेगळ्या कोनाड्यात. ग्लासाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका, म्हणजे चुकून दुसऱ्याने उचलू नये. जेवणातून, पाण्यातून हा आजार जात नाही, मी परोपरीने सांगितलं.

"तुले पगार कोन देस?" जिजाबाईंनी विचारलं.

"सरकार."

"मंग तू तेच सांगशी."

त्यांच्या घरात असलं कोणाला नव्हतं, तिनेच माहेरून आणलं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाळंतपणालाही तिला माहेरी धाडणार होत्या, चाळीसगावकडच्या खेड्यात, घरी, दाईच्या हातून. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत इंजेक्शनं मिळाली, तरच ते बहुधा वाचतं या आजारातून. कविता तो ग्लास तेवढा पदराने पुसत राहिली.

मी म्हटलं, मावशी, घरातल्या सगळ्यांचं तपासू या. त्या लगेच कबूल झाल्या. घर स्वच्छ आहे, हे सिद्धच करायचं होतं त्यांना.

* * *

जिजाबाईंनी पहिला हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. परेशभाईंना शीर सापडेना.

संजय पॉझिटिव्ह आला. जिजाबाईसुद्धा.

नळी बदलली, असं त्यांचं म्हणणं. पुन्हा रक्त दिलं, नळीला स्वतः पिवळा दोरा बांधला आणि मशीनसमोर पुन्हा उभ्या राहिल्या. तोच रिपोर्ट. डॉक्टरांना विचारलं, कोणाचं कोणाला लागलं? ते म्हणाले, आजार आहे एवढंच तपासणीत कळतं, आला कुठून ते कळत नाही.

रिक्षातून उतरताना त्या मला गोंदलेला हात दाखवून म्हणाल्या, "जत्रामा सात पोरी बठनूत. सुई एकच व्हती."

माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही.

* * *

कविताला इथेच दवाखान्यात सकाळी मुलगी झाली. नर्स इंजेक्शनं घेऊन आली, तर जिजाबाई पाळण्यासमोर आडव्या उभ्या.

"थांब. पाकीट मन्हा समोर फोड."

नर्सने फोडलं. औषधाच्या बाटलीवरची तारीख त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली, एकदा नाही, दोनदा. मगच बाजूला झाल्या. दोन्ही मांड्यांवर टोचून झालं, तेव्हा बाळाहून जास्त घाम त्यांनाच आला होता.

पंधरा दिवसांनी मी घरी गेले. कविता बाळाला पाजत होती. जिजाबाईंनी मला पाणी आणून दिलं. ग्लास उचलला तर बुडाला लाल ठिपका. मी फळीकडे पाहिलं. पालथे घातलेले सगळे ग्लास, सगळ्या वाट्या, आणि प्रत्येकाच्या बुडाला लाल ठिपका.

"पी ना, रेखा," जिजाबाई म्हणाल्या. "का तुले बी वहेम येस?"