पुरुषोत्तम काकांनी न पाहिलेलं गाव

माझा धंदाच मुळी चुका काढण्याचा. सॉफ्टवेअर टेस्टिंग. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट शोधायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. त्यात जन्म पुण्याचा, त्यामुळे ऑफिस सुटलं तरी सवय सुटत नाही. कोणी काही चुकीचं बोललं की माझी जीभ शिवशिवते. पूर्वी हे मी कौतुकाने सांगायचे.

इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोत मराठी मंडळातले ज्येष्ठ लोक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लायब्ररीच्या खोलीत जमतात. एकाने आपल्या प्रवासाबद्दल बोलायचं, बाकीच्यांनी चहा-चिवडा घेत ऐकायचं. त्यांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून देणं हे माझं काम. पुरुषोत्तम काका जानेवारीपासून यायला लागले. तीस वर्षं कॅलिफोर्नियात, सांता क्लारात नोकरी केलेले, नीलाकाकू गेल्यावर इथे मुलीकडे, शिवांगीकडे राहायला आलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं जेमतेम. चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायचे आणि पकडले गेले की मिश्कील हसायचे.

मे महिन्यात ते आपणहून म्हणाले, या वेळी मी बोलतो. विषय होता स्पेनमधलं मोन्तेलारा, टेकडीवरचं एक छोटंसं जुनं गाव. गेल्या ऑक्टोबरात नीलाबरोबर केलेला शेवटचा प्रवास, असं त्यांनी सांगितलं. हातात कागद नाही, एक फोटो नाही. पण ती दगडी कमान, तिच्यातून आत शिरल्यावर वर चढत जाणारी अरुंद गल्ली, चर्चच्या मनोऱ्यावरून दिसणाऱ्या ऑलिव्हच्या बागा, सगळं इतकं सावकाश सांगत होते की लोकांचे चहा निवले. कमानीखाली नीला कशी थांबली, किती गार वाटतंय म्हणाली, तेही सांगितलं.

आणि माझी जीभ शिवशिवली. "काका, ती कमान तर रिपेअरसाठी बंद होती. मी पण लास्ट ऑक्टोबरलाच गेले होते. सगळ्यांना मागच्या पार्किंगमधून आत सोडत होते. तुम्ही कमानीतून कसे गेलात?"

विचारताना मी हसत होते. "माझं चुकलं असेल," काका म्हणाले आणि खाली बसले. मागून कोणीतरी विचारलं, नक्की गेला होतात ना काका? दोघं-चौघं हसले. त्यानंतर काका आले नाहीत.

जुलैत शिवांगी इंडियन ग्रोसरीत भेटली. तिने काही बोल लावला नाही, नुसतं सांगितलं. तिकिटं काढली होती, पण निघायच्या चार दिवस आधी आईला स्ट्रोक आला. अकरा दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. बोलता येत नव्हतं. बाबांनी लायब्ररीतून त्या गावाचं एक जुनं पुस्तक आणलं आणि पलंगाशी बसून ते तिला रोज थोडं थोडं चालवत नेत होते. आज कमान, उद्या गल्ली. आई डोळे मिटून त्यांचा हात दाबायची. अकराव्या दिवशी ती दोघं मनोऱ्यावर पोचली, आणि त्याच रात्री ती गेली. मी हातातली मेथी तिथेच ठेवली आणि तशीच गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. काका म्हणाले, तुझं बरोबरच होतं, माझं पुस्तक जुनं होतं. मग त्यांनी विचारलं, "चारुता, त्या चढावर मध्ये बसायला बाक आहे का गं? नीलाचे गुडघे दुखायचे. मी तिला सांगायचो, आता बाक आला, बस जरा. तेवढं पुस्तकात नव्हतं, मी पदरचं घातलं."

मी त्या गावात दोन तास होते. फोटो काढण्यात गेले ते. बाक होता की नव्हता, मला आठवेना. ज्या तोंडाने चारचौघांत त्यांना खोटं पाडलं, त्याच तोंडाने मी म्हटलं, "आहे, काका."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. परत या म्हणून मी खूप आग्रह केला. ते म्हणाले, येईन, पण आधी तू सगळ्यांना सांग. "म्हणावं, मी नव्हतो गेलो. नीला जाऊन आली."

मी हो म्हटलं, सांगितलं की फोन करते. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी प्रोजेक्टर लावते, उभी राहते, लोक आपले कप घेऊन बसतात. काकांची चूक काढायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं. माझी सांगायची वेळ आली की मी पहिली स्लाइड लावून खाली बसते. शिवांगी म्हणते, बाबा त्या शनिवारी सकाळपासून तयार होऊन बसतात आणि तिला विचारतात, चारुताचा फोन आला का?