पाच नंबरचा दिवा

आमच्या सेंटरमधले किस्से कुणी लिहून ठेवत नाही, तरी ते साठतातच. दुपारी डबे उघडले की एकाला एक आठवतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा, आणि उष्टे हात वाळले तरी कुणी उठत नाही. निम्म्या किश्श्यांत मी असतो. कारण स्टोअर माझ्याकडं, किल्ल्या माझ्याकडं, आणि संशय घ्यायचं कामही मीच आपणहून अंगावर घेतलेलं. माझ्या माघारी सगळे मला 'फौजदार' म्हणतात. मला माहीत आहे. कोण कोण म्हणतं तेही माहीत आहे. ह्यातला शेवटचा किस्सा मात्र एका बाईच्या नोकरीवर आला होता, म्हणून तो मी सहसा सांगत नाही.

आमचं सेंटर सोलापुरात, एमआयडीसीच्या रस्त्याला. यंत्रमागावरच्या कामगारांना आम्ही नवे ऑटोमॅटिक लूम चालवायला शिकवतो. खरा लूम लई महाग, म्हणून संस्थेनं आठ व्हीआर हेडसेट घेतले. डोळ्यांवर चढवला की समोर अख्खा लूम उभा. हवेतल्या हवेत तुटलेला धागा जोडायचा, काम झालं की हेडसेट डॉकवर ठेवायचा. डॉक म्हणजे आठ खाचांचा लांब काळा ट्रे. प्रत्येक खाचेत चार्जिंगच्या बारीक पिना आणि पुढं एक छोटा दिवा. केशरी म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे फुल. दिवाच नाही म्हणजे हेडसेट उपाशी.

*

पार्सल आलं तेव्हा मी आठ हेडसेट तीनदा मोजून घेतले. बरोबर आठ. पण यादीत 'डॉक' लिहिलेला, तो कुठं दिसेना. मला कंपनीचा पहिल्यापासूनच भरवसा नव्हता. मी कडक मेल लिहिला, की एक नग मधल्यामधे गायब केलेला आहे, आणि पुरावा म्हणून आलेल्या सगळ्या सामानाचा टेबलावरचा फोटो जोडला.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं तोच फोटो परत पाठवला. त्यावर लाल गोल काढलेला. गोलात, सामानाच्या मागं, आमच्या प्रिन्सिपॉल देशमुख मॅडमचं टेबल, टेबलावर काळा ट्रे, आणि ट्रेमध्ये मॅडमनी ओळीनं उभ्या लावलेल्या फायली.

*

वैरागहून एक चाळिशीचा गडी ट्रेनिंगला आला होता. हेडसेट घालायला तयारच होईना. बिराजदार सर आमचे इन्स्ट्रक्टर, शांत माणूस. त्यांनी समजावलं, चक्कर येत नाही, डोळ्यांना काही होत नाही, शॉक लागत नाही. गडी खिशावर हात दाबून उभा.

"डोळ्याचं न्हाय वो सर," तो म्हणाला. "मी हितं डोळे झाकून हात वर करून हुबा ऱ्हानार, आन् खिसा कुनी बघायचा?"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्या दिवसापासून पाकिटं-मोबाईल जमा करून घ्यायला मी टोकन सुरू केली. सेंटरमध्ये माझ्या विचाराचा माणूस मला तेवढा एकच भेटला.

*

एकदा एक चादरवाले कारखानदार सेंटर बघायला आले. त्यांना हेडसेट घातला. लूम सुरू झाला तसे ते एकदम गप्प. मान वाकडी करून आवाज ऐकतायत, खाली वाकून चादरीची नक्षी बघतायत. मग लूमच्या मागं काय आहे ते बघायला म्हणून तरातरा निघाले आणि थेट भिंतीवर जाऊन आदळले.

कपाळाला टेंगूळ. चहा आणला, घेतला नाही. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हा आवाज मी ओळखतो. हा आमच्या समोरच्याचा लूम हाय. त्यानं तुमाला किती दिले?"

*

बिराजदार सर मैंदर्गीचे. घरी कानडीच बोलतात, आणि अक्कलकोटकडची बॅच असली की शिकवतातही कानडीतच. मला कानडी येत नाही. पण एके दिवशी त्या कानडीत मला स्वच्छ 'फौजदार' ऐकू आलं. एकदा नाही, चारदा. आणि दर वेळी बॅच हसली.

तीन दिवस मला जेवण गोड लागेना. शेवटी त्या बॅचमधल्या एकाला स्टोअरमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि विचारलं, सर माझ्याबद्दल काय बोलतात? तो गोंधळला. म्हणाला, तुमच्याबद्दल न्हाय की, लूमबद्दल. हेडसेटमध्ये एक लूम असा आहे, धागा जरा ढिला पडला की संशय येऊन जाग्यावर बंद पडतो. सरांनी त्याचं नाव फौजदार ठेवलंय.

*

खंडेनवमीला आम्ही हेडसेटचीही पूजा करतो. पूजा मीच करतो, दुसऱ्याच्या हाताचा मला भरवसा वाटत नाही. बिराजदार सर कुंकवाचं बोट घेऊन हेडसेटच्या पुढच्या बाजूला निघाले होते. तिथं त्याचे कॅमेरे असतात. मी त्यांचं मनगटच धरलं. म्हटलं, मशिनच्या डोळ्यात कुंकू घालता व्हय? मग सगळ्या हेडसेटना मीच पट्ट्यावर बोट टेकवलं. पाच नंबर मॅडमच्या केबिनमध्ये पाहुण्यांना दाखवायला गेला होता, पण त्याच्या मोकळ्या खाचेलाही मी उपेक्षित ठेवलं नाही. फुलं, अक्षता, साग्रसंगीत पूजा झाली. नंतर सगळं फडक्यानं पुसलंही मीच. आपलं काम चोख असतं.

*

दसऱ्यानंतर पाच नंबरनं मान टाकली. रोज सकाळी सात दिवे हिरवे, पाचवा बंद. मधेच एखाद्या दिवशी लागायचा, परत बंद. मॅडम म्हणाल्या, कारण शोधा. मला तेवढंच हवं होतं.

नरसम्माबाई आमच्याकडं झाडलोट करतात. तेलुगू विणकर घरातल्या. नवरा गेल्यापासून दोन मुलींची शिक्षणं त्यांच्याच पगारावर चाललीत, आणि नोकरी एजन्सीमार्फत. सकाळी खोलीत सगळ्यांत आधी जातात त्या. आणि मी दारामागून माझ्या डोळ्यांनी बघितलं, की डॉक पुसून झाला की त्या डॉकला हात लावतात आणि तो हात कपाळाला लावतात. दगडाच्या नाही, प्लास्टिकच्या ट्रेला! मला तिथंच शंका आली. विचारलं, तर म्हणाल्या, "पोरींचं जेवण ह्याच्यावर चालतं सर. बटनाला मी हात लावत न्हाय."

मी प्लगवर कागदाची पट्टी चिकटवली आणि वर माझी सही केली. सकाळी पट्टी जशीच्या तशी, सही जशीच्या तशी, आणि पाच नंबर बंद. मी विचार केला, बाई माझी सही शिकली.

बिराजदार सर म्हणाले, पाचचा हेडसेट तीनच्या खाचेत ठेवून बघू या की. मी साफ नाही म्हटलं. ज्याचा नंबर त्याच खाचेत, हा नियम मी स्वतः भिंतीवर लावलाय. मग मी मॅडमना लेखी दिलं, की सफाई करताना डॉकशी छेडछाड होते. मॅडमना पटलं नव्हतं, पण लेखी आल्यावर त्यांनाही एजन्सीला कळवावं लागलं. एजन्सीनं लगेच सांगितलं, शनिवारपर्यंत ठेवा, सोमवारी दुसरी बाई पाठवतो. नरसम्माबाईंना हे कळलं. दोन दिवस डबा त्यांनी आमच्यात बसून खाल्ला नाही. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

*

त्याच शनिवारी पुण्याहून कंपनीचा टेक्निशियन आला. मॅडम, बिराजदार सर, मी, सगळे डॉकभोवती उभे. नरसम्माबाई दाराशी, हातात केरसुणी. त्यानं हेडसेटला हातही लावला नाही. पाचव्या खाचेत टॉर्च मारला, चिमटा आत घातला आणि पिनांच्या फटीतून काहीतरी उचलून टेबलावर ठेवलं. मग हेडसेट खाचेत बसवला. दिवा केशरी लागला.

टेबलावर तांदळाचा एक दाणा होता.

"अक्षता!" मी म्हटलं. "बघा मॅडम, मी सांगत नव्हतो? रोज हात कोण जोडतं इथं? घरून अक्षता आणून टाकल्या बाईंनी."

नरसम्माबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली. पदराला हात पुसला, तो दाणा तळहातावर घेतला आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन नीट बघितला. मग माझ्यासमोर येऊन हात पुढं केला.

"सर, आमच्यात अक्षता हळदीच्या असतात. पिवळ्या," त्या म्हणाल्या. "ही कुंकवाची हाय."

मॅडमनी एजन्सीला फोन लावला, आणि बोलायला माझ्या हातात दिला.