ताई, जरा बटन दाबता का

"नीट बघून घ्या रे. अभ्यास केला नाहीत तर हेच. जन्मभर शिडीवर."

सर असं म्हणाले आणि त्यांनी हातातली लाकडी पट्टी वर केली. पट्टीच्या टोकाला एक माणूस होता. शिडीवर उभा राहून पंख्याचा कंडेन्सर बदलत होता. अनवाणी. चप्पल त्याला वर्गाबाहेर काढायला लावली होती, फरशी नुकतीच पुसली होती म्हणून. सर स्वतः बूट घालून उभे होते. विजेचं काम करणाऱ्याच्या पायातली चप्पल काढू नये, एवढं आम्हाला सायन्स शिकवणाऱ्या माणसाला सुचलं नाही.

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

शिडीवरचा माणूस माझा बाप होता.

मी दहावीत होते. फेब्रुवारी संपत आला होता आणि सोलापुरात ऊन तापायला लागलं होतं, म्हणून शाळेनं पंख्यांची कामं काढली होती. अप्पा येणार हे मला माहीत नव्हतं. सरांना तर तो माझा बाप आहे हेही माहीत नव्हतं. वायरमनला कुणी नाव विचारत नाही. "ए वायरमन" एवढं पुरतं. माझं आडनाव मात्र सरांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, आणि त्यावरून माझा बाकही ठरला होता. शेवटचा, दाराजवळचा. आमच्या वस्तीतली सगळी मुलं तिथंच. असा काही लेखी नियम नव्हता. बस, ठरलेलं होतं.

माझ्या बाकावर वस्तीतली आणखी दोघं बसायची. त्यांनी अप्पांना लहानपणापासून बघितलेलं. ती दोघं हसली नाहीत. मान खाली घालून वहीत बघत बसली. मी हसले. का हसले? सगळे हसत होते म्हणून. आपण हसलो नाही तर कुणीतरी आपल्याकडे बघेल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, आणि मी ते शोधणारही नाही.

काम झालं. पंखा चालतो का बघायला कुणाला तरी बटन दाबावं लागतं. घरी ते माझं काम होतं. अप्पा वर असले की ओरडायचे, "पोरी, बटन मार गं!" आणि मी पळत जायची. सहा-सात वर्षांची असल्यापासून. पुढं पुढं तर एक्स्टेन्शन बोर्डही मीच जोडायची.

वर्गातला बटनांचा बोर्ड माझ्या डोक्यावरच होता, भिंतीला. अप्पांनी खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं. एक क्षणभर. आणि म्हणाले,

"ताई, जरा बटन दाबता का?"

ताई. दाबता का. माझा बाप मला.

त्यांनी ओळखलं होतं. मला त्यांची ओळख नको आहे, हे त्यांनी वरून बघितलं आणि स्वतःच परके झाले. मला सोडवण्यासाठी. मी उठले, बटन दाबलं, पंखा फिरला. अप्पांनी शिडी मिटली. सरांच्या टेबलावर पाण्याचा जग भरून ठेवलेला होता. अप्पा बाहेर जाऊन मुतारीजवळच्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायले. दाराजवळचा बाक माझा, त्यामुळं मला ते सगळं दिसलं.

रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "आज शाळंत पंखे केले."

आई म्हणाली, "मग पोरगी भेटली की?"

"न्हाय. तिचा वर्ग वरच्या मजल्यावर हाय वाटतं."

मी भाकरी खात राहिले. माझा वर्ग तळमजल्यावर होता. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही.

जूनमध्ये निकाल लागला. मार्क चांगले पडले. अप्पा आयटीआयचा फॉर्म घेऊन आले. म्हणाले, "पोरी, तुझ्या हातात कला हाय. वायरमनचा कोर्स कर. माझ्यासारकं बगून बगून नगं शिकू. कागद पायजे हातात."

मी म्हणाले, "मला जन्मभर शिडीवर राहायचं नाही."

शब्द सरांचे होते. तोंड माझं. अप्पांनी थोडा वेळ तो फॉर्म हातात धरला. मग घडी घालून हत्यारांच्या पिशवीत ठेवला. "बरं. कॉलेज कर," म्हणाले. एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं.

मी बी.कॉम. केलं. दुसऱ्या वर्षाला असताना अप्पा काविळीनं गेले. महिन्याभरात सगळं आटोपलं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी सोळा रात्री बसले आणि सोळा रात्रीत मला एक वाक्य बोलता आलं नाही. अप्पा, मी हसले होते. चार शब्द. ते अजून घशात आहेत.

पदवी मिळाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कुठंही अर्ज दिला की समोरचा आधी आडनाव वाचायचा, मग मार्क. फॉर्मवर वडिलांच्या धंद्याचा रकाना असायचा. मी तिथं "व्यवसाय" असं लिहायची. कसला, ते लिहायची नाही. एका साहेबांनी विचारलं, "व्यवसाय म्हणजे?" मी म्हणाले, "इलेक्ट्रिकलचं दुकान होतं." दुकान कसलं, खिळ्याला टांगलेली पिशवी होती.

शेवटी सात रस्ता चौकाजवळ एका ऑफिसात काम लागलं. दिवसभर कॉम्प्युटरवर नावं आणि पत्ते भरायचे. आम्ही सहाजण, सहाही पदवीधर. एप्रिलच्या एका दुपारी फ्यूज गेला. पंखे बंद, कॉम्प्युटर बंद. मॅनेजर फोनवर फोन करत होते, वायरमन काही येईना. सगळे पुठ्ठ्यांनी वारा घेत बसले. मुख्य बोर्ड माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होता. फ्यूजची तार बदलायला मला पाच मिनिटं पुष्कळ झाली असती. मी दोन तास मांडीवर हात ठेवून बसून राहिले. कुणी विचारलं असतं, हे कुठं शिकलीस, तर काय सांगणार होते?

मग एक म्हातारा वायरमन आला. जिना चढून दमलेला. त्यानं तार घातली, स्टुलावरूनच मागं वळून बघितलं आणि म्हणाला,

"ताई, जरा बटन दाबता का?"

मी उठले. बटन दाबलं. पंखे फिरले, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मी जिन्यात जाऊन रडले. तोंडात ओढणी कोंबून. मॅनेजर म्हणाले, बरं नसेल तर घरी जा. मी घरी गेले आणि परत त्या ऑफिसात गेले नाही.

अप्पांची पिशवी तशीच टांगलेली होती. आईनं कुणाला हात लावू दिला नव्हता. मी ती खाली उतरवली. टेस्टर, पक्कड, दोन पेचकस, चिकटपट्टीची रिळं. तळाशी तो फॉर्म. उघडून बघितला तर भरलेला होता. माझं नाव, जन्मतारीख, पत्ता. अप्पा चौथी शिकलेले. एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलेलं. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, वायरमन. अक्षरं रकान्याबाहेर गेली होती. रिकामी होती ती फक्त माझ्या सहीची जागा.

तेविसाव्या वर्षी मी आयटीआयला गेले. वर्गात मी सगळ्यांत मोठी. पहिल्या दिवशी एक मुलगा "मॅडम" म्हणून उठून उभा राहिला, मी शिकवायला आले असं त्याला वाटलं. दोन वर्षांनी कागद हातात आला. अप्पा म्हणाले होते तो कागद. आता वस्तीच्या तोंडाशी माझी लहानशी टपरी आहे. पाटीवर अप्पांचं नाव आहे, त्याखाली माझं, आणि पुढं बी.कॉम. असंही लिहिलंय. लोक हसतात. म्हणतात, शिडीच चढायची होती तर कॉलेजला कशाला गेलीस? मी म्हणते, दोन्ही माझंच आहे. तुम्हाला कशाचा त्रास होतोय?

गेल्या जूनमध्ये शाळेतून फोन आला. पंखे करायचेत. मी जाऊ नये असं आईला वाटत होतं. मी गेले.

तोच वर्ग. दाराजवळ तोच बाक. चपला काढा म्हणून शिपाईमामा म्हणाले, मी काढल्या नाहीत. शिडी लावली, वर चढले. शेवटच्या बाकावर कोण बसलंय हे मला बघावं लागलं नाही. तरी बघितलं. आमच्याच वस्तीतली तिघं होती.

थोड्या वेळानं सर आले. आता ते मुख्याध्यापक झालेत. केस पांढरे, हातात पट्टी तीच किंवा तसलीच. मला ओळखून खूश झाले.

"मुलांनो, ही आपलीच विद्यार्थिनी. बी.कॉम. होऊन वायरमन झाली. याला म्हणतात स्किल! आजकाल डिग्रीला कोण विचारतंय? सगळ्यांनी कॉलेजलाच जायला पाहिजे असं काही नाही."

खरं सांगते, मला बरं वाटलं. अर्धा मिनिट. वाटलं, माणूस बदलला. मग सरांची पट्टी वर झाली आणि शेवटच्या बाकाकडे वळली.

"तू, तू आणि तू. उभे राहा. नीट बघून घ्या हिच्याकडे."

तिघं उभी राहिली. एक मुलगा, दोन मुली. पुढच्या बाकांवरून कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी. आणि मला ते सगळं दिसलं. कोण हसलं, कोण तोंडावर हात धरून हसलं, कोण बाजूच्याला ढोसून हसलं. शिडीवरून सगळं दिसतं. एकही चेहरा सुटत नाही.

म्हणजे अप्पांनी मला हसताना बघितलं होतं. इतकी वर्षं मी मनाला समजावत होते की त्यांचं लक्ष पंख्यात असेल. मी पंख्याची दांडी घट्ट धरली.

"सर," मी वरून म्हणाले, "पुढच्या बाकावरचं कुणाला उभं केलं नाहीत?"

"अगं, त्यांचं ठरलेलं असतं. घरी वातावरण असतं ना. माझाच मुलगा बघ, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे."

"आणि ह्यांचं तुम्ही ठरवलंत."

"तू उगाच वाकड्यात शिरतेयस. मी तुझं कौतुक करतोय."

"याच वर्गात तुम्ही आम्हाला म्हणाला होता, अभ्यास केला नाहीत तर जन्मभर शिडीवर. तेव्हा त्या शिडीवर माझे वडील होते."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मनापासून आठवायचा प्रयत्न केला त्यांनी. मग म्हणाले, "मला नाही बाई आठवत."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्या एका वाक्यावर अख्खं तरुणपण काढलं, आणि त्यांच्यासाठी तो एक तास होता, पंखा बिघडलेला. तेव्हा शिडी म्हणजे शिक्षा होती. आता शिडी म्हणजे स्किल झाली. भाषण बदललं. पट्टी कुणाकडे वळायची ते मात्र बदललं नाही.

मी त्या तिघांकडे बघितलं. "खाली बसा."

मुलगा बसला. एक मुलगी बसली. दुसरी उभीच. सरांकडे बघत, दप्तराचा पट्टा मुठीत धरून. माझ्याएवढीच असेल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याएवढी.

"तू बी बस गं," मी म्हणाले. "तू बसल्याबिगर मी हितनं उतरत न्हाय."

त्या शाळेत पहिल्यांदा माझ्या तोंडातून घरची बोली निघाली. दहा वर्षं तिथं शिकले, तेव्हा ती गेटाबाहेर ठेवून आत जायची.

ती बसली.

मग मी सरांना म्हणाले, "बटन दाबा."

शिपाईमामा लगबगीनं पुढं आले. "मामा, तुमी थांबा. सरांनी दाबायचं." सरांनी घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं. मी वरच उभी. शेवटी ते शेवटच्या बाकापर्यंत चालत आले, त्या मुलीच्या डोक्यावरून हात नेला आणि बटन दाबलं.

पंखा फिरला. मला वाटलं होतं, असं काही झालं की छातीवरचं ओझं उतरेल. नाही उतरलं. सरांनी बटन दाबलं, ते अप्पांनी बघितलं नाही.

त्या शाळेनं मला परत बोलावलेलं नाही. मी न बोलावता जाते. निकालाच्या दिवसांत टपरी बंद ठेवून गेटासमोर बसते. शेवटच्या बाकावरच्यांना दोन्ही फॉर्म भरायला लावते, कॉलेजचाही आणि आयटीआयचाही. कॉलेज तुमचं, शिडीही तुमची. कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पट्टीवाल्याला ठरवू देऊ नका. आणि वडिलांच्या धंद्याचा रकाना आला की मी पेन थांबवते. जे असेल ते लिही म्हणते. मोठं लिही. रकान्याबाहेर गेलं तरी चालेल.

अजूनही काम संपवून खाली बघितलं की तो आवाज येतो. ताई, जरा बटन दाबता का? आई म्हणते, देवाचं काहीतरी कर, आवाज थांबेल. मला तो थांबवायचा नाही. त्या दिवशी मी हसले होते. हे ज्या दिवशी मी विसरेन, त्या दिवशी ती पट्टी माझ्या हातात येईल.